राशीचं अंथरूण

वाटेत पडलेला दाणा रुखमाबाईनं कधी ओलांडला नाही. मग तो मक्याचा असो, ज्वारीचा असो, नाहीतर कुणाच्या फाटक्या पोत्यातून गळलेला सोयाबीनचा. ती वाकायची, दाणा उचलायची, कपाळाला लावायची आणि कनवटीला खोचायची. गुडघे धरायला लागल्यापासून वाकताना तोंडातून शिवी निघायची, पण ती गुडघ्याला असायची, दाण्याला नाही. धामणगाव बढ्याच्या बाजारात तिच्यासोबत चालायचं म्हणजे सुनेला शिक्षाच. वंदना चार दुकानं पुढे जाऊन उभी राहायची आणि सासू मागून दाणे वेचत यायची, कोंबडीसारखी.

अशा बाईच्या खळ्यावर यंदा पावसानं घात केला. मक्याची कणसं मोडून ढीग लागला आणि जाता जाता पाऊस परत फिरला. ताडपत्र्या ओढेपर्यंत ढिगाचं बूड भिजलं. नंतर दिवसचे दिवस आभाळ भरलेलं, ऊन कसं ते नाही. ताडपत्रीखाली कणसांना घाम सुटला. मग एकदाचं ऊन पडलं, बेबीताई आपल्या बायकांची टोळी घेऊन आली आणि कणसं सोलायला बसली, तर खालच्या थरातल्या कणसांवर हिरवी भुकटी धरलेली.

बेबीताईची टोळी म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेली टोळी. निंदण असो, कापूस असो की मका, बेबीताईनं काम घेतलं की मालकानं बांधावर येऊन डोकं खायचं नाही, हा तिचा कायदा. रुखमाबाईच्या खळ्यावर ती सून होऊन गावात आली तेव्हापासून येत होती. दोघी एका वयाच्या. दोघींच्या जिभेला सारखीच धार.

"हिरवे कणसं बाजूले काढा," वंदना म्हणाली. तिनं नाकाला ओढणी बांधली होती. "तोंड बांधा सगळ्या जणी. भुकटी नाकात जाऊ देऊ नका. मशीन लावायच्या आधीच हे जाळा लागते, आत्याबाई."

"जाळा लागते?" रुखमाबाईचा हात थांबला. "अन्न पेटवून राह्यली व तू?"

"ह्या बुरशीचं जहर दाण्यात उतरते. धुतलं तरी जात नाही, भाजलं तरी जात नाही."

"एवढं जहर असतं तं आजवर आपुन मेलो काऊन नाही?"

बायका हसल्या. वंदनानं उत्तर दिलं नाही, कारण सासूला सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं नसतं हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकली होती. पण प्रश्न साधा नव्हता. गावातल्या बायकांच्या गटानं मलकापूरच्या बाजूच्या कोंबडीखाद्याच्या कारखान्याशी बोलणं पक्कं केलं होतं. सगळ्या घरांचा मका एकाच ट्रकमध्ये जाणार. एका घराचा माल जरी जहरी निघाला, तरी ट्रक तसाच परत येणार, आणि पुढच्या वर्षी कारखानेवाला या गावाचं नाव काढणार नाही. सगळ्यांत मोठी रास रुखमाबाईची, आणि गटासाठी घरोघर फिरून जबान दिलेली वंदनानं.

रुखमाबाईनं हिरवी कणसं जाळू दिली नाहीत. बाकीचा मका निघाल्यावर तिनं ती शेवटी वेगळी मशीनमधून काढली. त्यांचं काय करायचं ते तिला पक्कं माहीत होतं. तिच्या सासरची रीत होती, की चांगली रास उघड्या भुईवर घालायची नाही. आधी डागी दाण्याचा हातभर थर पसरायचा आणि त्यावर चांगला दाणा ओतायचा. त्या थराला राशीचं अंथरूण म्हणत. भुईची ओल अंथरूण पिऊन घ्यायचं आणि रास कोरडी राहायची. रास उचलली की अंथरूण आणि खळं झाडून निघालेलं मातेरं, दोन्ही खळं झाडणारीचं. म्हणजे बेबीताईचं.

अंथरूण घालून डागी दाणा उरलाच. रुखमाबाईनं तो घमेल्यानं बेबीताईच्या पोत्यात ओतला.

"यंदा मातेरं लय हाय व, बेबे. आत्ताच घेऊन जाय. तुह्या समता पोरीच्या कोंबड्या गब्बर होतीन."

"हिरवं हाय ना पण."

"कोंबडीले काय समजते हिरवं अन् पिवळं?"

बेबीताईनं पोतं उचललं. आपण मोठ्या मनानं दिलं, या विचारानं रुखमाबाईला दिवसभर बरं वाटत राहिलं.

संध्याकाळी रास पुजली. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, राशीच्या डोक्यावर एक भरलेलं कणीस खोवलं. वंदना पोकळ लोखंडी सळई घेऊन आली. ती राशीत खुपसली की आतल्या थराचा दाणा बाहेर येतो. रुखमाबाई आडवी झाली.

"पुजलेल्या राशीत लोखंड घालाचं नाही. मापं लागेपर्यंत नाही."

"मंग आतलं कसं पाहू?"

"वरून पाय. एका आईचे लेकरं हायेत सारे."

वंदनानं वरून, बाजूनं, जिथं हात पोहोचला तिथून मूठमूठ दाणे घेतले. मिक्सरमध्ये बारीक केले, बाटलीतल्या औषधात घोळले आणि वर आलेल्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. टोळी कामावरून सुटली होती, पण तमाशा बघायला सगळ्या थांबल्या.

"दोन रेघा आल्या तं माल चांगला," वंदना म्हणाली. "एकच आली तं जहर."

"कोनाचे दिवस गेले व, वंदने?" एकजण म्हणाली.

"राशीले गेले!" बेबीताई म्हणाली, आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

दोन रेघा आल्या. रुखमाबाईनं पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला आधीच माहीत होतं म्हणे.

मग अमावास्या आली. त्या दिवशी तर मापाला हात लावायचा नाही. पुढे ट्रकवाल्याचं आज-उद्या सुरू झालं. आभाळ पुन्हा कुंदच होतं, म्हणून रास ताडपत्रीखाली झाकून ठेवली. आठवडा असा गेला. ट्रक परवा येणार असा निरोप आला, आणि त्याच सकाळी बेबीताई खळ्यावर आली. डोक्यावर घमेलं, घमेल्यावर गोणपाट.  ती सरळ राशीपाशी गेली, घमेलं रुखमाबाईच्या पायाशी ठेवलं आणि गोणपाट काढलं.

"घे. तुहं मातेरं परत आणलं."

घमेल्यात तलंगा होत्या. काळ्या, तांबड्या, एक ठिपक्यांची कवडी. अंड्यावर यायला आलेल्या. मेलेल्या.

रुखमाबाईच्या तोंडून पटकन निघालं, "मानमोडी आली असंन."

"मानमोडी? गावात कोनाची एक कोंबडी मेली नाही. अन् माना पाय याइच्या. सरळ हायेत. खाणं सोडलं, पंख पाडून कोपऱ्यात बसल्या अन् एकीमागं एक गेल्या. कोंबडा समतानं वेगळा बांधला होता. तो ज्वारी खाते. तो अजून बांग देऊन राह्यला." बेबीताईचा आवाज चढला नव्हता. त्याचीच रुखमाबाईला भीती वाटली. "हातावर वाढवल्या होत्या पोरीनं. अन् अजून सांगू? त्यातलं बरं बरं निवडून मी भाकरीले दळाले ठेवलं होतं. पीठगिरणी बंद होती म्हणून राह्यलं. नाही तं आज घमेल्यात कोन असतं?"

शिवम, रुखमाबाईचा मुलगा, बैल सोडायचे तसेच ठेवून आला. वंदना खळ्यालगतच्या घराच्या दारात उभी राहिली. तिनं एकदा कोंबड्यांकडे पाहिलं, एकदा राशीच्या बुडाकडे, आणि सासूकडे पाहिलं. 

 रुखमाबाईला कळून चुकलं. पोत्यात जे गेलं तेच राशीच्या खाली होतं. तिनं स्वतःच्या हातानं पसरलेलं, हातभर.

तिनं ताडपत्री सारली. चोळीची बाही वर केली, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि राशीच्या बुडाशी बसून हात आत घातला. आधी दाणे गार, सुटे. मग कोमट. खांदा राशीला टेकला तेव्हा बोटं अंथरुणात शिरली आणि तिथं ताप आलेल्या लेकराच्या पोटासारखी धग लागली. तिनं मूठ भरून बाहेर काढली. दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाले होते. टोकांशी हिरवट. वास कुबट, ओल्या गोणपाटाचा.

"सळई आण, वंदने," ती म्हणाली.

"पुजलेली हाय ना, माय," शिवम म्हणाला.

"पुजली मी, अन् तिच्याखाली हे अंथरलं बी मीच. आण म्हणते ना."

अंथरुणाची पट्टी लावली. एक रेघ आली. वंदना पट्टी हातात धरून बराच वेळ दुसरीची वाट पाहत राहिली. ती आली नाही.

अशा बातमीला पाय फुटतात. दुपार व्हायच्या आत शालिग्राम मोटरसायकल घेऊन हजर. धामणगावात त्याची धान्याची आडत. गावात कुणाचं काही बिघडलं, की सगळ्यांत आधी सांत्वनाला येणारा माणूस.

"काकू, टेन्शन काऊन घेता? वरचं ट्रकात भरा. खालचं मले देऊन टाका. मी चांगल्या मालात मिसळतो. कोनाले समजते?"

"कोनाच्या पोटात जाईन ते?"

"कोंबड्याइच्या, आनखीन कोनाच्या. कोंबडीले काय विचारा लागते?"

"विचारलं मी," रुखमाबाई म्हणाली. तिनं घमेल्याकडे बोट दाखवलं. "ते पाय, काय म्हणून राह्यल्या."

शालिग्रामनं घमेल्यात डोकावलं. मग त्याला एकदम आठवलं की रोहिणखेडला कुणीतरी वाट पाहतंय. मोटरसायकल पहिल्या किकला सुरू झाली नाही, तेव्हा खळ्यावरच्या कुणीही त्याला मदत केली नाही.

शिवमचं मन मात्र घुटमळत होतं. "माय, वरची पट्टी चांगली आली. खालचं हळूच काढून टाकू. बोभाटा कायले? गटातल्या बायाइले समजलं तं आपला मका घेतीन का?"

"समजाले पाहिजेच. उद्या कारखान्यात ट्रकात सापडलं तं ह्या पोरीनं कोनाच्या दारात तोंड दाखवायचं?" ती सुनेकडे वळली. "जाय, सांगून ये साऱ्याइले. म्हणा, रुखमाबाईच्या राशीत जहर निघालं अन् ती रास मोडून राह्यली. येऊन पाहा म्हणा. कोनाच्या राशीखाली अंथरूण असंन तं तेही मोडा म्हणा."

वंदना गेली. वाटेनं तिला रडू आलं आणि हसूही. सासूनं तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'पोर' म्हटलं होतं.

राहिली बेबीताई. ती खळ्याच्या कडेला उकिडवी बसली होती. टोळीतल्या बायका तिच्याकडे बघत उभ्या होत्या. तिनं हात लावल्याशिवाय रास मोडणार नव्हती.

"बेबीताई," रुखमाबाई म्हणाली, "माह्या खुराड्यात जेवढ्या कोंबड्या हायेत, तेवढ्या घेऊन जाय. खुराडं बी घेऊन जाय."

"कोंबड्या घेईन. त्या माह्या गेल्या म्हणून घेईन. पण तेवढ्यानं मी रास मोडणार नाही."

"मंग काय पाहिजे, बोल."

"मातेरं नको आता." बेबीताई उठली. लुगड्याला हात पुसले. "जल्मभर तुह्या राशीच्या खालचं घेतलं. झाडलेलं, तुडवलेलं. आता वरचं पाहिजे. राशीच्या डोक्यावरचं सूपभर. अन् आधी. गाडीच्या आधी, तुह्या मारुतीच्याही आधी."

 राशीचं पहिलं सूप मारुतीच्या देवळात जायचं. रुखमाबाईच्या आजेसासूपासून जात होतं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण आजवर देत आलो ते उपकार नव्हते, हे तिला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. उलट उत्तर जिभेवर आलं, आणि घमेल्यातली कवडी तलंग दिसली.

"बरं," ती म्हणाली. "मारुतीले नंतरचं चालंन. त्याच्या घरी कोंबड्या नाहीत."

आधी एकटी बेबीताई हसली. मग सगळ्या हसल्या आणि तोंडाला फडकी बांधायला लागल्या.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खळ्यावर नुसतं काम चाललं. वरचा मका घमेल्यांनी उचलून ताडपत्र्यांवर बोटभर जाडीनं पसरला. नशिबानं ऊन कडक पडलं होतं. पायानं ओढत, पावलांनी नांगरत बायका दाणा उलटापालटा करत होत्या. पाठी भिजल्या, टाचांच्या भेगांत दाणे रुतले. वंदना कोरडं मीठ आणि मूठभर दाणे काचेच्या बाटलीत घालून हलवायची. मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला, खाली बसलं तर वाळला. रुखमाबाईला ती बाटली फार आवडली. दर थोड्या वेळानं ती स्वतःच हलवून बघायची आणि मीठ बसलं की सगळ्यांना दाखवायची, जणू मीठ तिनंच बसवलं. गटातल्या बायकाही येऊन गेल्या. दोघी-तिघींनी आल्या पावली घरी जाऊन आपल्याही राशी मोडल्या. एकीच्या राशीखाली अंथरूण निघालंच.

खाली खाली जाताना वंदना थराथराला पट्टी लावत गेली. अंथरुणाच्या वरही हातभर दाणा बिघडला होता. तिथं एकच रेघ येत होती. त्याच्या वर दोन.

"इथून वरचं ठेवा," ती म्हणाली. "खालचं सारं जाईन."

ते 'सारं' काही थोडं नव्हतं. शिवमनं विहिरीपासून लांब, वरच्या बांधाच्या कोपऱ्यात छातीइतका खोल खड्डा खणला. आत चुना टाकला. शिवम आणि बायका घमेली भरून नेत होत्या आणि रुखमाबाई काठावर उभी होती. पहिलं घमेलं तिनं स्वतः ओतलं. दाणे चुन्यावर पडताना तोच आवाज आला, जो पोत्यात पडताना येतो. या आवाजानं तिच्या सासूला, तिला, साऱ्या घराला वर्षभर धीर यायचा. 

"माफ कर माय," ती दाण्यांना म्हणाली. "तुले फेकाचं नाही म्हणून जपलं, अन् जपूनच जहर केलं."

एक दाणा काठावर उडाला. सवयीनं ती वाकली, उचलला, हात कपाळाकडे गेला. मध्येच थांबला. तिनं दाणा खड्ड्यात टाकला आणि वर माती ओढायला फावडं मागितलं. शिवम म्हणाला मी ओढतो. तिनं दिलं नाही. माती बरोबरीला आली तेव्हाच ती बसली, आणि मग वंदनानं तिच्या हातांवर साबण लावून दोन वेळा पाणी घातलं.

ट्रक आला. त्याच्याबरोबर कारखान्याचा माणूस, हातात लांब सळई. पण रुखमाबाईनं त्याला थांबवलं.

"जरा दम धर, बापा. आधी एक काम हाय."

वाळलेल्या मक्याची नवी रास लागली होती. या वेळी खाली धुतलेली ताडपत्री, दुसरं काही नाही. रुखमाबाईनं डोक्यावरचा मका सुपात भरला, शिगोशीग, आणि बेबीताईपुढे धरला. सगळ्यांनी पाहिलं. ट्रकच्या ड्रायव्हरनंही पाहिलं, त्याला कळलं काहीच नाही.

बेबीताईनं सूप घेतलं नाही.

"खाली ठेव. आधी गाडीचं होऊ दे."

मग मका पोत्यांत भरला. कारखान्याच्या माणसानं पोत्यापोत्यात सळई घातली, दाणे एकत्र केले, आपली पट्टी लावली. दोन रेघा. पोती चढायला लागली. वंदनानं ओढणीनं तोंड पुसलं. शिवम हमालांवर विनाकारण ओरडायला लागला, म्हणजे खूश होता. बेबीताई तशीच उभी.

"आता घे ना व," रुखमाबाई म्हणाली.

"हे चांगलं हाय, हे कोनं पाह्यलं?"

"अवं, आत्ताच तं पाह्यलं! तुह्यासमोर!"

"त्यानं गाडीच्या पोत्यात सळई घातली. माह्या सुपात नाही घातली."

कारखान्याचा माणूस हसला. एकाच राशीचा माल आहे बाई, म्हणाला. बेबीताईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती रुखमाबाईकडे बघत होती. मागच्या वेळीही रास एकच होती, आणि वरच्या दाण्याच्या दोन रेघा आल्या होत्या.

वंदनाच्या पेटीत एकच पट्टी उरली होती. नवी पेटी यायला वेळ होता आणि गटात एक घर तपासायचं बाकी होतं. तिनं सासूकडे पाहिलं.

"पाहून काय राह्यली?" रुखमाबाई म्हणाली. "काढ. त्या घरची रास थांबंन."

सुपातले दाणे मिक्सरमध्ये गेले, औषधात घोळले, पाणी वर आलं. पट्टी बुडवून बाहेर काढली आणि फरशीवर ठेवली. दोघी म्हाताऱ्या तिच्या दोन बाजूंना उकिडव्या बसल्या, डोक्याला डोकं लागेल इतक्या वाकून. पहिल्या पट्टीकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या रुखमाबाईला आता चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

"किती आल्या व?"

"एक."

रुखमाबाई आणखी खाली वाकली. पोती चढवणारे हमालही थांबले.

"थांब," बेबीताई म्हणाली. "दुसरी येऊन राह्यली."

दुसरी रेघ आधी फिकट होती. मग ठळक झाली. बेबीताई ती पक्की होईपर्यंत हलली नाही. मग उठली, सुपातला मका टोपलीत ओतला, टोपली डोक्यावर घेतली आणि "चला व" म्हणून टोळीला घेऊन निघाली.

टोपलीतून एक दाणा गळला. रुखमाबाई वाकली. गुडघ्याला नेहमीची शिवी बसली. तिनं दाणा उचलला, कपाळाला लावला आणि कनवटीला खोचायला गेली. मग तशीच लंगडत बेबीताईच्या मागं गेली, टाचा उंचावल्या आणि दाणा तिच्या टोपलीत टाकला.

"तुहा हाय," ती म्हणाली.